होमोजिनियस डिफरन्शियल इक्वेशन: य = व·क्ष कामून मानायचं आणि पुढं कसं सोडवायचं

मागच्या आठवड्यात लातूरहून भाचीचा फोन आला, बारावीला आहे, होस्टेलवर राहते. म्हणली, "मामा, सरांनी फळ्यावर वाय बरोबर व्ही एक्स लिहिलं आन् सरळ पुढं गेले, ते व्ही आलं कुठून?" मी म्हणलं वहीचा फोटो पाठव. फोटो बघितला तर गणित अर्ध्यावर सोडलेलं, दुसऱ्याच ओळीत घोळ, आणि खाली तीन ओळी खोडलेल्या. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहायलोय, कारण माझ्या गंगाखेडच्या क्लासमधी बी दरवर्षी निम्मी पोरं ह्याच जागी अडकतात.

आधी लिहिण्याचं सांगतो. मराठी कीबोर्डवर टाईप करतोय म्हणून एक्सला क्ष, वायला य, व्हीला व, आणि इंटिग्रेशनच्या कॉन्स्टंटला क. डी वाय बाय डी एक्स म्हणजे डय/डक्ष. गुणाकाराला मध्ये टिंब देतोय, कारण क्ष आणि य चिकटवून लिहिले की 'क्षय' वाचलं जातं. वहीत तुम्ही नेहमीसारखंच लिहा.

आता मूळ गोष्ट. होमोजिनियसला मराठीत समघाती म्हणतात, म्हणजे सगळ्या पदांचा घात सारखा. पण ही व्याख्या पाठ करून डोक्यात काही उजेड पडत नाही, त्यापेक्षा फवारणीचा पंप डोळ्यापुढं आणा. १५ लिटरच्या पंपाला ३० मिली औषध, म्हणजे लिटरला २ मिली. सोयाबीनवर एक पंप मारा नाहीतर दहा पंप मारा, औषधाचा जोर ठरतो तो प्रमाणावर, एकूण किती पाणी ओतलं त्यावर नाही. होमोजिनियस इक्वेशन तंतोतंत असंच असतं: डय/डक्ष म्हणजे उतार, आणि हा उतार फक्त य/क्ष ह्या प्रमाणावर ठरतो, क्ष किती मोठा आणि य किती मोठा ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हे आकड्यात बघा. समजा

डय/डक्ष = (क्ष² + य²)/(२·क्ष·य)

(१, २) ह्या बिंदूवर उतार येतो ५/४. (२, ४) वर २०/१६, म्हणजे परत ५/४. (१०, २०) वर ५००/४००, तरी ५/४च. हे तिन्ही बिंदू ओरिजिनमधून निघालेल्या एकाच सरळ रेघेवर आहेत, तिघांचं य/क्ष २ आहे, म्हणून उतार बी एकच. ओरिजिनमधून कुठलीबी रेघ ओढा, त्या रेघेवर चालत राहिलात तर उतार बदलणारच नाही, दुसऱ्या रेघेवर गेलात तरच बदलेल. मग जर उताराला फक्त प्रमाण कळतं, तर आपण त्या प्रमाणालाच नाव देऊन टाकू: व = य/क्ष. बस, भाचीचं व्ही इथून आलं. लाइबनिट्झ ह्या जर्मन गणितज्ञानं १६९१ सालीच ही वाट शोधून ठेवलीय, आपण तीच चालतो.

इक्वेशन होमोजिनियस आहे का हे ओळखायला क्षच्या जागी २·क्ष आणि यच्या जागी २·य टाकून बघा, उजवी बाजू जशीच्या तशी राहिली पाहिजे (परीक्षेत २ ऐवजी कुठलाही आकडा म्हणून एक अक्षर घ्यायचं, तेवढाच फरक). अपूर्णांकाच्या वर किंवा खाली क्ष² + य² चालतं, क्ष·य चालतं, √(क्ष² + य²) चालतं, फक्त वरचा आणि खालचा घात सारखा पाहिजे, पण क्ष² + य आलं की संपलं, एकाचा घात दोन, दुसऱ्याचा एक. साइन(य/क्ष) चालतं, नुसतं साइन क्ष चालत नाही. लॉग य − लॉग क्ष बघून पोरं घाबरतात, अरे ते लॉग(य/क्ष)च आहे, चालतं. आणि क्ष + य + १ मधला तो एकटा १ सगळा खेळ मोडतो, त्याचा इलाज शेवटी सांगतो. अजून एक, होमोजिनियस हाच शब्द लिनियर इक्वेशनमधी उजवीकडं शून्य असेल तेव्हाबी वापरतात, तो अर्थ वेगळा, इथला वेगळा, बीएस्सीला गेल्यावर दोन्ही एकाच पेपरात येतात तेव्हा गोंधळू नका.

आता सोडवायचं. वरचंच घेऊ. य = व·क्ष मानलं. इथं थांबा, कारण भाचीचा घोळ इथंच झाला होता. तिनं पुढच्या ओळीत डय/डक्षच्या जागी डव/डक्ष लिहून टाकलं. पण व हा आकडा नाही, तो क्षबरोबर बदलतो, म्हणजे व·क्ष हे दोन बदलत्या गोष्टींचं गुणाकार झालं आणि त्याला प्रॉडक्ट रूल लागणार:

डय/डक्ष = व + क्ष·डव/डक्ष

ही ओळ म्हणजे ह्या प्रकरणाचा कणा आहे. पहिला व विसरलात किंवा क्ष विसरलात तर पुढचं सगळं कितीही सुबक लिहा, उत्तर चुकणार. मी पोरांना सांगतो की ही ओळ वहीत चौकटीत लिहा, रोज. आता उजव्या बाजूला यच्या जागी व·क्ष टाका, क्ष² वर बी कॉमन निघतो, खाली बी, दोन्ही कटतात, उरतं ते फक्त व:

व + क्ष·डव/डक्ष = (१ + व²)/(२·व)

क्ष जर कटला नाही तर तिथंच थांबा, एकतर इक्वेशन होमोजिनियस नाही नाहीतर टाकताना चूक झाली. पुढं डावीकडचा व उजवीकडं न्या:

क्ष·डव/डक्ष = (१ + व²)/(२·व) − व = (१ − व²)/(२·व)

ही वजाबाकी घाईत करू नका. व ला २·व नं गुणून २·व² होतं, १ + व² − २·व² म्हणजे १ − व². मी तपासलेल्या पेपरात जास्तीत जास्त मार्क ह्या एका वजाबाकीत गेलेले बघितलेत, इंटिग्रेशनमधी नाही. आता व एकीकडं, क्ष एकीकडं:

२·व·डव/(१ − व²) = डक्ष/क्ष

डावीकडं खालच्याचा डेरिव्हेटिव्ह −२·व आहे, म्हणून इंटिग्रेट केल्यावर −लॉग|१ − व²| = लॉग|क्ष| + कॉन्स्टंट. सगळीकडं लॉगच लॉग असेल तर कॉन्स्टंट बी लॉग क म्हणून घ्या, सगळं एका झटक्यात जुळतं. लॉग एकत्र केले की क्ष·(१ − व²) = १/क, तो बी कॉन्स्टंटच, त्यालाच परत क म्हणू: क्ष·(१ − व²) = क. आणि आता शेवटचं काम, जे दमलेला माणूस विसरतो, व च्या जागी परत य/क्ष टाकायचं, कारण प्रश्नात व कुठंच नव्हता, तो आपला पाहुणा, आला तसा गेला पाहिजे:

क्ष² − य² = क·क्ष

मार्क इथं पूर्ण. पण मी क्लासमधी एवढ्यावर सोडत नाही, ताळा करायला लावतो. (२, १) बिंदू घ्या. मूळ इक्वेशनमधून उतार (४ + १)/४ = ५/४. आपल्या उत्तरात (२, १) टाकलं तर ३ = २·क, म्हणजे क = १.५. उत्तर डिफरन्शिएट केलं की २·क्ष − २·य·डय/डक्ष = क, म्हणजे ४ − २·डय/डक्ष = १.५, उतार १.२५. जुळलं. सीईटीत तर हे लै कामाला येतं, गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत करायचे असतात आणि दरवेळी पूर्ण सोडवत बसायला वेळ नसतो, चार पर्याय समोर असले की एक बिंदू टाकून उतार बघा, उदाहरणार्थ क्ष² + य² = क·क्ष हा पर्याय असेल तर त्याच (२, १) वर उतार −०.७५ येतो, तो गेला बाद.

वर १ − व² नं भागलं तेव्हा एक गोष्ट गुपचूप झाली. १ − व² शून्य असेल तर भागताच येत नाही, म्हणजे व = १ आणि व = −१, म्हणजे य = क्ष आणि य = −क्ष ह्या दोन रेघा आपण बाहेर ठेवल्या. त्या रेघा बी उत्तर आहेत का? टाकून बघा, य = क्ष वर उजवी बाजू २·क्ष²/(२·क्ष²) = १, आणि उतार बी १, म्हणजे आहेत. नशिबानं शेवटच्या उत्तरात क = ० घेतलं की दोन्ही परत येतात. पण दरवेळी नशीब साथ देत नाही. डय/डक्ष = य/क्ष + (य/क्ष)² घ्या, तिथं क्ष·डव/डक्ष = व² येतं, सोडवलं की −१/व = लॉग|क्ष| + क, म्हणजे य = −क्ष/(लॉग|क्ष| + क). ह्यात क ला कुठलीबी किंमत द्या, य = ० ही आडवी रेघ काही सापडत नाही, आणि ती तर धडधडीत उत्तर आहे. म्हणून भागण्याआधी पेन्सिलनं बाजूला लिहून ठेवायचं की कशानं भागतोय आणि ते शून्य कधी होतं. बारावीला हे विचारत नाहीत, पण बीएस्सीच्या वर्गात बसल्यावर पहिल्याच महिन्यात विचारतात, आत्ताच सवय लावलेली बरी.

ह्या इक्वेशनचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आमच्या दाराशी आहे. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात, काठच्या गावांना गंगाथडी. समजा नदी २०० मीटर रुंद आहे, नावाडी ह्या काठावरून निघाला आणि त्याला बरोबर समोरच्या घाटावर जायचंय. नावाड्याची सवय अशी की होडीचं तोंड सतत घाटाच्या दिशेनं ठेवायचं, धार कितीबी ओढू दे. धारेचा वेग होडीच्या वेगाच्या निम्मा धरू (आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत, नदीवर जाऊन मोजलेले नाहीत). होडी कुठल्या वाटेनं जाईल? सरळ जाणार नाही हे तर कुणीबी सांगेल, पण किती वाकेल हे सांगायला आपलंच इक्वेशन लागतं.

घाट म्हणजे ओरिजिन. नदी ओलांडायची दिशा क्ष, धारेची दिशा य. होडी (क्ष, य) वर असताना घाट तिच्यापासून √(क्ष² + य²) लांब आहे. होडीचा वेग १ धरला तर तोंड घाटाकडं असल्यामुळं क्ष कमी होतो क्ष/√(क्ष² + य²) वेगानं, आणि य वर दोन जोर आहेत, धार वाढवते १/२ नं, वल्हं कमी करतं य/√(क्ष² + य²) नं. एकाला दुसऱ्यानं भागलं की वेळ निघून जातो आणि उरतं:

डय/डक्ष = य/क्ष − (१/२)·√(क्ष² + य²)/क्ष

बघा, होमोजिनियस. आणि का नसावं, होडीची दिशा घाटाच्या तुलनेत ती कुठल्या रेघेवर आहे ह्यावरच ठरते, घाट किती लांब ह्यावर नाही. य = व·क्ष टाका, डावीकडचा व आणि उजवीकडचा व समोरासमोर कटतात, हे बघायला लै बरं वाटतं:

क्ष·डव/डक्ष = −(१/२)·√(१ + व²)

डव/√(१ + व²) चं इंटिग्रेशन लॉग(व + √(१ + व²)), ते पाठ असायलाच पाहिजे. उजवीकडं −(१/२)·लॉग क्ष + कॉन्स्टंट. निघताना क्ष = २०० आणि य = ०, म्हणजे व = ०, डावीकडं लॉग १ म्हणजे शून्य, म्हणून कॉन्स्टंट (१/२)·लॉग २००. एकत्र करून:

व + √(१ + व²) = √(२००/क्ष)

आता व एकटा काढायचाय. वर्ग करत बसू नका, एक सोपी युक्ती आहे. √(१ + व²) + व आणि √(१ + व²) − व ह्यांचा गुणाकार १ येतो, म्हणजे दुसरं हे पहिल्याचं उलट, √(क्ष/२००). दोन्ही वजा करा, २·व मिळतं, आणि व ला क्षनं गुणलं की वाट हातात:

य = (क्ष/२)·[√(२००/क्ष) − √(क्ष/२००)]

अर्ध्या नदीत, क्ष = १०० ला, होडी सुमारे ३५.४ मीटर खाली गेलेली असते. समोरचा काठ ५० मीटरवर राहिला (क्ष = ५०) तेव्हा २५·(२ − १/२) = ३७.५ मीटर. सगळ्यात जास्त घसरण सुमारे ३८.५ मीटर, समोरचा काठ साधारण ६७ मीटरवर असताना, आणि त्यानंतर नावाडी परत वर चढत चढत घाटाला लागतो. म्हणजे शेवटचा टप्पा जवळपास धारेच्या विरुद्ध आहे, जो कुणी वल्हं मारलंय त्याला हे गणिताशिवाय बी माहीत असतं. आणि धार होडीएवढीच जोरात असेल तर? १/२ च्या जागी १ टाका, उत्तर येतं य = १०० − क्ष²/४००, क्ष शून्याकडं गेला की य १०० कडं जातो, म्हणजे होडी त्या काठाला लागतच चाललीय पण घाटाच्या १०० मीटर खाली, आणि तिथं वल्हं आणि धार बरोबरीत, घाट काही येत नाही. माझ्या क्लासमधल्या एका पोरानं हे सोडवून झाल्यावर वहीत होडीचं चित्र काढलं होतं, ते मी अजून जपून ठेवलंय.

कधी कधी य = व·क्ष टाकून गणित अंगावर येतं. इक्वेशनमधी ई^(क्ष/य) सारखं काही दिसलं, म्हणजे प्रमाण उलटं लिहिलेलं, तर आपण बी उलटं व्हायचं, क्ष = उ·य मानायचं आणि डक्ष/डय = उ + य·डउ/डय. उदाहरणार्थ

(१ + ३·ई^(क्ष/य))·डक्ष + ३·ई^(क्ष/य)·(१ − क्ष/य)·डय = ०

इथं उ टाकून आवरलं की य·डउ/डय = −(उ + ३·ई^उ)/(१ + ३·ई^उ), वरच्याचा डेरिव्हेटिव्ह बरोबर खालचा आहे, म्हणून उलटं करून इंटिग्रेट केलं की एका ओळीत लॉग, आणि उत्तर क्ष + ३·य·ई^(क्ष/य) = क. हेच व घेऊन करून बघा एकदा, मग कळेल कामून उलटं घ्यायचं.

आणि तो राहिलेला एकटा १. डय/डक्ष = (क्ष + य + १)/(क्ष − य + ३) असं आलं तर हे होमोजिनियस नाही, पण करता येतं. क्ष + य + १ = ० आणि क्ष − य + ३ = ० ह्या दोन रेघा कुठं भेटतात ते काढा, (−२, १) वर. सगळा पसारा ह्या बिंदूभोवती आहे, ओरिजिनभोवती नाही एवढंच बिघडलंय, म्हणून ओरिजिनच उचलून तिथं नेऊन ठेवायचा. नवा प = क्ष + २, नवा फ = य − १, आणि इक्वेशन डफ/डप = (प + फ)/(प − फ), स्वच्छ होमोजिनियस. फ = व·प टाकून क्रमानं गेलात की टॅन-इन्व्हर्स(फ/प) = (१/२)·लॉग(प² + फ²) + क येतं, शेवटी प आणि फ च्या जागी क्ष + २ आणि य − १ परत टाकायचं. दोन्ही रेघा पॅरलल असल्या, म्हणजे वर क्ष + य + १ आणि खाली २·क्ष + २·य + ५ असं काही, तर त्या भेटणारच नाहीत, तिथं सरळ क्ष + य ला एक अक्षर द्या, काम होतं.

भाचीला सरावाला जे दिलं तेच तुम्हाला देतो: डय/डक्ष = य/क्ष + टॅन(य/क्ष). तिनं रात्री साडेदहाला फोटो पाठवला, चौकटीतली ओळ चौकटीतच लिहिलेली, दोन्ही व कटलेले, खाली कॉट व चं इंटिग्रेशन, आणि शेवटी साइन(य/क्ष) = क·क्ष.